परत आले की घेऊन या

"परत आले की घेऊन या त्यांना," काउंटरमागची मुलगी म्हणाली, आणि ती "बरं" म्हणाली. नुसती म्हणाली नाही, तर पर्स खांद्याला लावली, मागे ताटकळलेल्या म्हाताऱ्याला वाट करून दिली, काचेचं जड दार ढकललं आणि बँकेच्या पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा. खालच्या पायरीवर ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल करून आलो. ती जागच्या जागी थांबली. हातातल्या पिशवीत मृत्यूचा दाखला होता, मूळ प्रत आणि झेरॉक्स, लाल दोऱ्याने बांधलेल्या कागदांत व्यवस्थित घातलेला. तो बाहेर काढायची वेळच आली नव्हती. "हे गेलेत हो," एवढंच ती म्हणाली होती. महिना होता पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा. आत भिंतीकडेच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं ओळीने बसली होती; मुलगी पासबुकावरचं नाव मोठ्याने वाचायची, खुर्चीतून कोणीतरी "आहे" म्हणायचं, आणि काठी टेकत, चष्मा शोधत, आपण जिवंत असल्याची सही करून जायचं. त्या सगळ्यांच्या मधून एक बाई एकटीच येते आणि सांगते की हे गेलेत. मुलीने सरळ विचारलं, "कुठे, गावाला का? मग नाही चालायचं काकू. हयातीचा दाखला आहे, स्वतः यावं लागतं." त्यात त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. आणि पायरीवर उभ्या उभ्या तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की घरी गेल्या गेल्या ही गंमत यांना सांगायला हवी. पोट धरधरून हसतील. मग तो विचार जिथून आला होता तिथे परत गेला.

हसले असतेच ते. कारण हे असं होणार, हे ते सांगूनच गेले होते, आणि तेही एकदा नव्हे. "गेले म्हणू नकोस हां. गेले म्हटलंस की विचारतील, कुठे गेले. वारले म्हणायचं. आणि 'हे' पण म्हणू नकोस. 'हे' म्हणजे कोण? टेबल का खुर्ची? त्या समोरच्याला काय कळणार? यजमान म्हण, मिस्टर म्हण, नवरा म्हण, जे तोंडाला येईल ते म्हण. माझे यजमान वारले. एवढंच तर आहे. म्हण बघू." ती म्हणायची नाही. आधी हसायची, मग चिडायची, मग गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत जायची. आणि आज प्रत्यक्ष परीक्षेत, ज्या दोन चुका करू नकोस म्हणून त्यांनी जीव तोडून सांगितलं होतं त्या दोन्ही तिने एका वाक्यात करून दाखवल्या होत्या. हे गेलेत. शाबास, तिने स्वतःलाच म्हटलं, आणि चालायला लागली.

रस्त्यावर नेहमीसारखं सगळं चालू होतं, याचा तिला अजून राग यायचा. किल्ल्या बनवणारा किल्ल्या बनवत होता. कपड्यांच्या दुकानात बिनडोक्याच्या पुतळ्याला नवा झगा चढवला होता आणि त्याची दुमड एका बाजूला खाली आली होती. तेवढ्यातही तिच्या नजरेने ती पकडली. आयुष्यभर लोकांचे कपडे आत घेण्यात आणि बाहेर सोडण्यात गेलं होतं. लग्न ठरलेल्या मुली, पोट सुटलेले साहेब, वाढत्या अंगाची पोरं, सगळ्यांची मापं तिच्या मशीनखालून गेली. शेवटच्या वर्षात तिने सगळ्यांत जास्त कपडे आत घेतले ते घरातल्याच माणसाचे. ते दर थोड्या दिवसांनी सदरा काढून द्यायचे, "सैल होतोय गं," म्हणायचे, जणू दोष कापडाचा होता. ती बाजूची शिवण उसवायची, पुन्हा घालायची, आणि आतल्या बाजूला जास्तीचं कापड मुद्दाम ठेवायची. बरं वाटलं की परत सोडता यावं म्हणून. एकदा ते कापड हाताने चाचपून बघताना त्यांनी तिला पाहिलं. दुसऱ्या दिवशी कागद काढले.

कागद काढले म्हणजे घर हलवायला काढावं तसे काढले. डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळीच म्हणाले होते, "चला, आता आवरायला घेऊ." तिला वाटलं, कपाट. ते कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते, जन्मभर. कोण आलं, कोण नाही, कोण उशिरा आलं, हे मांडायचं त्यांचं काम. त्यामुळे आवरणं त्यांच्या अंगातच होतं. शेजारीपाजारी त्यांना मागून 'हजेरी' म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळं पसरलं. विमा, ठेवी, पेन्शन, घराचं, विजेचं, गॅसचं. फाइली आणा म्हणून ती म्हणाली तर म्हणाले, "फाइली तुला कळायच्या नाहीत, तुझे दोरे आण." आणि तिच्या रिळांच्या डब्यातले दोरे घेऊन एकेक गठ्ठा बांधला. बँकेला लाल, विम्याला हिरवा, घराला पांढरा. "तुला रंग लक्षात राहतात, आकडे नाही," म्हणाले. ते खरं होतं. आपल्याला इतकं ओळखणारं माणूस आपल्यालाच सोडून जायची तयारी करतंय, आणि तीही आपल्याच दोऱ्यांनी, हे तिला तेव्हा असह्य झालं होतं. ती रीळ गुंडाळत बसली आणि त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मग तालमी सुरू झाल्या. हा शब्द त्यांचाच. टेबलावर चहाचा मोठा ट्रे उभा करायचा, ती काच. पलीकडे ते, चष्मा नाकाच्या टोकावर, अंगावर शाल आणि चेहऱ्यावर साहेबी. अलीकडे ती, पर्स घेऊन. पर्स घेतल्याशिवाय चालायचं नाही. "हं, बोला बाई." ती उभी राहायची. "बोला, मागे रांग आहे." ती म्हणायची, "अहो, पुरे ना." ते ट्रेवर टिचकी मारायचे. "अहो कोणाला म्हणताय? मी साहेब आहे." कधी लंच टाइम झाला म्हणून ट्रे आडवा टाकायचे आणि तिला तिथेच उभी ठेवून खरोखर ताक प्यायचे. कधी म्हणायचे, "झेरॉक्स कुठाय? दोन लागतात. जा, घेऊन या," आणि ती स्वयंपाकघरात जाऊन, उगाच ओट्यावरून हात फिरवून परत यायची. मूळ प्रत मागितली तर दाखवायची, द्यायची नाही. ती विसरून देऊन टाकायची, की ते कागद शालीत लपवायचे. "गेला! आता बसा फेऱ्या मारत." वारस किती? तुमचं नातं काय? खातं एकट्याचं की जोडीचं? ती चुकली की पहिल्यापासून. शेवटी शेवटी प्रश्नांची उत्तरं तिला झोपेतून उठवलं तरी आली असती. फक्त पहिलं वाक्य यायचं नाही. ते वाक्य सोडून तालीम पुढे न्यायची, असा मग दोघांत न बोलता करार झाला. त्यांची मुलगी एकदा सुट्टी काढून आली होती, तिने दारातून हे बघितलं आणि ओरडलीच, "बाबा, हे काय चाललंय! तिला काय छळताय!" ते म्हणाले, "छळ नाही गं, सराव." आणि बायकोकडे वळून, साहेबाच्याच आवाजात, "बाई, या तुमच्या कोण?"

घरी आल्यावर तिने पिशवी टेबलावर ठेवली. लाल दोऱ्याचा गठ्ठा आत तसाच. फोन वाजला तो अपेक्षेप्रमाणे मुलीचा होता. "झालं का गं आई बँकेचं?"

"हो, जाऊन आले."

"काय म्हणाले?"

"परत बोलावलंय."

यात खोटं काही नव्हतं. मुलगी पलीकडे चरफडली, एका फेरीत कुठलं काम होईल तर शपथ, म्हणाली. मग आवाज मऊ करून म्हणाली, "मी येऊ का? रजा टाकते."

"कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तसं नाही गं. पण ते कळवायला हवं लवकर. दर महिन्याला त्यांची पेन्शन पडतेय अजून. परत घेतील ते, आणि वर आपल्यालाच विचारतील, सांगितलं का नाही म्हणून. आणि तुझी तोवर सुरूच होणार नाही. तू काय शिवणावर दिवस काढणार?"

"काढीन की."

फोन ठेवल्यावर तिची नजर कपाटाकडे गेली. त्यांचा फोन कपाटावर चार्जिंगला लावलेला होता. तो ती रोज लावायची, आणि का लावतेस, असं कोणी विचारू नये म्हणून कोणी आलं की आत नेऊन ठेवायची. महिन्याच्या पहिल्याला त्यावर एक किणकिण व्हायची आणि बँक त्यांना आदराने कळवायची की आपल्या खात्यात आपलं पेन्शन जमा झालं आहे. बाकी सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सोसायटीच्या पाटीवरचं नाव उतरलं होतं, औषधवाल्याने उरलेल्या गोळ्या परत घेतल्या होत्या, पेपरवाल्यानेसुद्धा आवाज खाली आणून विचारलं होतं. जावयाने धावपळ करून दाखला आणला होता. हिरवा दोरा सुटला, पांढरा सुटला, मुलीने ते सगळं बसल्या बसल्या उरकलं. बँक तेवढी तिने मागून घेतली होती, मी करते म्हणून, त्यांची तालीम वाया जाऊ नये म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. खरं कारण ती किणकिण होती. साऱ्या जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे ते अजून होते, आणि ती जागा बंद करायची किल्ली तिच्याच तोंडात होती. तिला पैशांचा लोभ नव्हता. त्या खात्याला तिने बोट लावलं नव्हतं. तिला लोभ होता तो 'आपलं' या शब्दाचा. कोणीतरी त्यांना अजून 'आपलं' म्हणत होतं.

त्यानंतर ती बँकेत गेलीच नाही. मुलगी विचारायची, ती काहीतरी सांगायची. आज पाय दुखतो, आज त्यांची सिस्टिम बंद, आज कोणाचा तरी ब्लाउज द्यायचाय. मशीनवर बसली की बरं वाटायचं. मशीनला काही सांगावं लागत नाही. त्यांचे सदरे तिने उसवायला घेतले होते, आत ठेवलेलं जास्तीचं कापड मोकळं करायला. ते सोडल्यावर सदरे पुन्हा पूर्वीच्या मापाचे झाले, कधी काळी भरल्या अंगाचा माणूस घालत असेल असे. इस्त्री करून तिने ते कपाटात लावले. हे वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. कळूनही हात थांबत नव्हते.

एक दिवस मुलीने कंटाळून सोडूनच दिलं. "राहू दे आई. नाही गेलीस तरी चालेल. मी चौकशी केली. महिनाअखेरपर्यंत हयातीचा दाखला गेला नाही की पेन्शन आपोआप बंद होते. आपोआप. कोणी सांगायलाच नको. मग मी पुढचं बघते इथून." ती हो म्हणाली. सुटल्यासारखंही वाटलं. काहीच करायचं नाही, तोंडही उघडायचं नाही. एक दिवस नुसती किणकिण व्हायची नाही, संपलं. पण 'आपोआप' हा शब्द काही तिच्या कानातून जाईना. भांडी घासताना, सुईत दोरा ओवताना तो तिथेच. आणि मग त्या शब्दामागून, कित्येक वर्षांपूर्वीचा एक टर्नर आला. त्यांच्या कारखान्यातला. तो एके दिवशी कामावर आला नाही, यांनी त्याच्या नावापुढे लाल शाईने गैरहजर मांडलं. दुसऱ्या दिवशीही आला नाही, पुन्हा लाल. आठवडाभर मांडत राहिले. मग त्याचा भाऊ फाटकावर आला आणि म्हणाला, तो पहिल्याच दिवशी गेला, आम्हाला कळवायचं सुचलं नाही. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. हात धुतलेले असून पुन्हा धुवायला गेले. "मेलेल्या माणसाला मी रोज गैरहजर मांडत होतो गं," म्हणाले. "नसणं वेगळं आणि गैरहजर असणं वेगळं. तो कामचुकार नव्हता." तिला तेव्हा हे फार कळलं नव्हतं. तिने भात झाकून ठेवला होता आणि एवढं काय लावून घ्यायचं, असं म्हणाली होती.

आता कळलं, आणि चांगलंच कळलं. म्हणजे बँकेच्या त्या यादीत महिनाअखेर सगळ्यांच्या नावापुढे खूण होईल आणि यांच्या नावापुढे होणार नाही. कोणी विचारणार नाही, कोणाला वाईट वाटणार नाही. सांगूनही न आलेला माणूस म्हणून नाव कटेल. उभ्या आयुष्यात एक दिवस फाटकावर उशिरा न पोहोचलेला माणूस, तो गैरहजर. आणि तेही कशामुळे, तर घरात सांगायला बायको होती तिची जीभ उचलली नाही म्हणून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती मशीनवरून उठली, हातातलं अर्धं काज तसंच टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि पिशवी घेतली. पर्सही घेतली. पर्स घेतल्याशिवाय चालायचं नाही.

बँकेत खुर्च्या भरलेल्या होत्या. तिला कोपऱ्यात जागा मिळाली, कानात कापूस घातलेल्या एका आजोबांशेजारी. काउंटरमागची मुलगी नावं वाचत होती. नाव, की "आहे". नाव, की "आहे". कोणाचा "आहे" खणखणीत, कोणाचा खोकल्यातून वाट काढत आलेला. आजोबांचं नाव मुलीने पुकारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा पुकारलं, तेव्हा दचकून उठले आणि ओरडले, "आहे, आहे! अजून आहे!" सगळा हॉल हसला. तीही हसली. आणि हसता हसताच, इतके दिवस तिने मनाच्या तळाशी दाबून ठेवलेली ती शेवटची तालीम वर आली. त्या दिवशी ती हट्टालाच पेटली होती. मला नाही जमत ते वाक्य, तुम्हीच करून दाखवा, म्हणाली होती. ते म्हणाले, त्यात काय. सावकाश उठले, टेबलाला धरत अलीकडे आले, तिची पर्स काखेत मारली. तिला ट्रेपलीकडे बसवलं. ती हसत होती. शाल, पर्स, आणि तो आत घेतलेला सदरा. "हं, बोला बाई," ती म्हणाली. "साहेब," ते म्हणाले, "माझे यजमान..." आणि थांबले. तिला वाटलं, धाप लागली. ते ट्रेवरून तिच्याकडे बघत होते, पण साहेबाकडे बघावं तसे नव्हे आणि बायकोकडे बघावं तसेही नव्हे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आपण कुठे उभे आहोत ते नव्यानेच दिसल्यासारखं. "अगं," ते म्हणाले, "इथे उभं राहिलं की फार एकटं वाटतं गं." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले तिने पाहिले. स्वतःच्या मरणाचं ऐकून ते रडले नव्हते. तिच्या जागी उभे राहिल्यावर रडले. "आजचं पुरे," म्हणून त्यांनी पर्स खुंटीला लावली, आणि त्यानंतर तालीम झाली नाही.

"काकू, या." मुलगी तिला ओळखत होती. चेहरा हसरा करून तिने विचारलं, "आले का काका परत?"

ती काउंटरपाशी उभी राहिली. इथे उभं राहिलं की एकटं वाटतं, हे कोणीतरी आधीच येऊन बघून गेलं होतं. त्या विचाराने तिला बळ आलं.

"माझे यजमान वारले," ती म्हणाली.

आलं. अगदी सरळ, स्पष्ट, न अडखळता. मुलीच्या हातातला शिक्का हातातच राहिला. "अहो पण त्या दिवशी तुम्ही..."

"त्या दिवशी मी 'गेले' म्हणाले. शब्दच तसा आहे तो. तुमचं काही चुकलं नाही."

"सॉरी हं काकू. माझ्या लक्षात यायला हवं होतं." मुलीने नावांची यादी बाजूला सारली आणि कॉम्प्युटरकडे वळली. मागे कोणीतरी किती वेळ म्हणून कुरकुरलं, तिने त्याला हातानेच थांबवलं. "तुमचं नातं?"

"पत्नी."

"वारस?"

"मी आणि एक मुलगी."

"खातं एकट्याचं?"

"जोडीचं. दोघांपैकी कोणीही."

"दाखला आणलाय?"

"आणलाय. मूळ प्रत दाखवीन, देणार नाही. तुमच्यासाठी झेरॉक्स आहेत."

मुलगी किंचित हसली. सगळं पाठ होतं, एकेक उत्तर जिथल्या तिथे बसत होतं. पलीकडे शाल पांघरून कोणीतरी मान डोलावतंय असं तिला वाटलं, आणि ते तिला बरं वाटलं. ती गठ्ठ्याचा लाल दोरा सोडायला लागली.

"सावकाश सोडा. तोवर मी इथे भरते," मुलगी म्हणाली. "नाव सांगा त्यांचं."

तिचे हात थांबले. हा प्रश्न तालमीत नव्हता. लंच टाइम होता, झेरॉक्स होती, उलटसुलट सगळे प्रश्न होते, पण नाव काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. कसं विचारतील? त्यांना स्वतःचं नाव माहीत होतं. एवढा पक्का माणूस, पण हे राहूनच गेलं. आणि तिने ते कागदांवर कितीदा लिहिलं होतं, पाकिटांवर, पावत्यांवर, दवाखान्याच्या फॉर्मवर. तोंडाने मात्र घ्यायची वेळच आली नव्हती. 'अहो' म्हटलं की ते बघायचे. दुसऱ्या खोलीत असले तरी बघायचे. एका 'अहो'वर सगळा संसार झाला.

"काकू? नाव."

तिने मान वर केली आणि नाव घेतलं. त्यांचं, मग वडिलांचं, मग आडनाव, पूर्ण, मोठ्याने, फाटकावर पुकारतात तसं. तिचा आवाज हॉलभर गेला. खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी सवयीने इकडे तिकडे पाहिलं, हे कोण, उठत का नाहीत म्हणून. कापूसवाल्या आजोबांनीही मागे वळून पाहिलं. तीही थांबली होती, दोरा बोटांत धरून, जेवढं थांबायला हवं तेवढीच.

कोणीच "आहे" म्हणालं नाही. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.